कुरसाची पाठ

भिंत घालायला बोलावलेला गवंडी आधी हसला, मग डोकं खाजवत उभा राहिला. दोन भावांच्या मध्ये भिंत घालणं त्याला नवीन नव्हतं. उत्तनच्या बंदरावर निम्म्या घरांमध्ये त्याच्याच हातच्या भिंती होत्या. पण इथे मासळी सुकवायच्या खळ्याच्या ऐन मध्यावर आज्याने उभारलेला कुरूस, म्हणजे क्रूस, होता, आणि दोघांपैकी एकही भाऊ त्याच्यावरचा हक्क सोडायला तयार नव्हता.

थोरला बस्त्याव म्हणाला, "कुरूस माझेकडं ऱ्हाईल. मी मोठा हाय."

धाकटा मार्क म्हणाला, "मंग आमी काय ख्रिस्तांव न्हाय?"

शेवटी गवंड्यानेच तोड काढली. कुरसाच्या एका कडेपर्यंत एक भिंत आणली, दुसऱ्या कडेपासून दुसरी काढली, आणि कुरूस मधोमध चिणून टाकला. भिंत कमरेएवढीच होती, कुरूस तिच्या वर हातभर उरला. दोघांचंही समाधान झालं. असल्या वाटण्या करायला शहाणपण लागत नाही, नुसता हट्ट पुरतो.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. कुरसाला तोंड असतं. ते बस्त्यावच्या खळ्याकडे होतं. आज्याचं नाव कोरलेला दगड, मेणबत्तीची खोबण, फुलांचा हार अडकवायचा खिळा, सगळं तिकडे. मार्कच्या वाट्याला गिलावा केलेली पाठ आली.

मार्कची बायको जुडिथ ही गोष्ट कधी विसरली नाही. मे महिन्यात बंदरावरच्या प्रत्येक कुरसापुढे लदीन होते, म्हणजे आळीतली माणसं जमून मरियेची स्तुती गातात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. ज्याचा कुरूस, त्याचे चणे. भिंत झाल्यापासून एकाच कुरसापुढे दोन लदिनी होऊ लागल्या. बस्त्यावची बायको फिलू पुढून करायची, जुडिथ मागून. जुडिथ दर वर्षी कुरसाच्या पाठीला चुना लावायची, मेणबत्ती विटेवर उभी करायची, आणि गाताना तिच्या मनात हटकून यायचं की देव आपल्याकडे पाठ करून उभा आहे. आळीतली माणसं मात्र दोन्हीकडचे चणे खाऊन खूष असायची.

चणे उकडायचा सासूचा मोठा तांब्याचा हंडाही फिलूकडेच गेला होता. थोरली सून म्हणून. जुडिथ दोन टोपांत चणे उकडायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "हांड्यातले चने वेगले लागतात." ते हंड्याबद्दल नव्हतं हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं.

दोघी जावांचं बोलणं अगदीच बंद होतं असंही नाही. कामापुरतं चालायचं. वारा कुठला, बर्फ आला का, भाव काय निघाला. बोंबील सुकवणाऱ्या दोन बाया भिंतीच्या दोन बाजूंना दिवसभर राबतात, तेव्हा तोंड किती वेळ मिटून ठेवणार! पण पूर्वी दोघी एकाच दोरावर काम करायच्या. एक या टोकाकडून, दुसरी त्या टोकाकडून. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, दात दातांत बसले की जोडी दोरावर टाकायची. बोंबलाचं अंग लोण्यासारखं मऊ, पण दात असे की एकदा अडकले की वाऱ्यानेही सुटत नाहीत. नवीन लग्न होऊन आलेल्या जुडिथला ते फिलूनेच शिकवलं होतं. आधी बोटं रक्ताळली, तेव्हा फिलूने हळद लावून चिंधी बांधली होती. ती गोष्ट जुडिथला आठवायची, पण आठवून काही उपयोग होत नव्हता.

*

सव्वीस जुलैच्या पुराच्या पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर. बोंबील भरपूर आला होता. बंदरावरच्या बांबूच्या वलांड्या, म्हणजे दोर बांधलेले माचे, खालपासून वरपर्यंत लगडल्या होत्या. सकाळी टोपल्या आल्या तशी जुडिथ खळ्यात उकिडवी बसली ती कंबर धरेपर्यंत उठली नाही. भिंतीपलीकडे फिलूही तशीच बसली होती. आदल्या दोन दिवसांचा माल अर्धवट सुकून दोरांवर होता, त्याच्यात आजचा ताजा पडला. खाऱ्या पाण्याने दोघींच्या हातांची कातडी पांढरी पडली होती.

दुपारी फिलूने हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि भिंतीपाशी आली.

"जुडी, मी देवळान जातंय. आज वेदी पुसाची माझी पाळी हाय."

चर्चला बंदरावर देऊळच म्हणतात.

"जा," जुडिथ मान वर न करता म्हणाली.

"आभाळ बरा न्हाय वाटत."

"नोव्हेंबरान कुठला पाऊस आयलाय!"

फिलू जराशी घुटमळली. तिला म्हणायचं होतं, लक्ष ठेव. पण ते म्हणायची गरज नव्हती. बंदरावरचा तो रिवाजच होता. पाऊस आला की जी बाई घरात असेल तिने ओरडायचं, "काढा गोऽ, काढा!" आणि मग कोणाचा दोर ते बघायचं नाही. हाताला लागेल तो खाली घ्यायचा आणि जवळच्या ओटीवर टाकायचा. भांडणं असतील ती पाऊस गेल्यावर. फिलू निघून गेली.

मार्क सकाळी टोपल्या उतरवून भरतीला परत समुद्रावर गेला होता, बस्त्यावही आपली होडी घेऊन गेला होता. वाटणीनंतर होड्याही वेगळ्या झाल्या होत्या. जुडिथची मुलगी जेनेल भाईंदरला कॉलेजात. खळ्यांत जुडिथ एकटीच.

समुद्राकडून काळोख चढायला लागला तो जुडिथने वास घेऊनच ओळखला. वारा आधी थांबला, मग उलटा फिरला. ती ओरडली, "काढा गोऽ!" आळीतल्या बाया आधी आपापल्या दोरांकडे धावल्या. जुडिथने पदर खोचला आणि दोर सोडायला लागली. अंगात एवढं बळ कुठून येतं कोण जाणे. बोंबलांनी लगडलेले दोर खांद्यावर घेऊन ती ओटीवर टाकत होती, परत धावत होती, वरच्या दोरासाठी बांबूवर पाय देऊन चढत होती. शेवटचा दोर आत आला तेव्हा पहिला थेंबही पडला नव्हता. अजून वेळ होता.

ती भिंतीपाशी आली. पलीकडे फिलूची वलांडी भरलेली होती. निम्मा माल तरी हाती लागला असता, कदाचित सगळाही. भिंत ओलांडायची तेवढी खोटी. जुडिथने भिंतीवर हात ठेवला. हाताला कुरसाची पाठ लागली.

आणि काय झालं ते तिलाही नंतर नीट सांगता आलं नाही. तिच्या मनात एवढंच आलं, की देव तिच्याकडं तोंड करून हाय, तोच काढंल. वेदी पुसतेय ना त्याची! मनात आलं आणि पाय तिथेच खिळले. हात भिंतीवर तसाच. मग टपोरा थेंब तिच्या मनगटावर पडला, दुसरा कपाळावर, आणि पाहता पाहता समोरचं सगळं पांढरं झालं. जुडिथ ओटीवर परत आली आणि आपल्या सुक्या बोंबलांपाशी बसून राहिली.

पावसातूनच फिलू धावत आली. रुमाल कुठे पडला होता, लुगडं मांड्यांना चिकटलं होतं. ती वलांडीपाशी पोचली आणि थांबली. आता धावायचं कारण उरलं नव्हतं. बोंबलांचं पाणी होऊन जोड्या एकेक करून खाली गळत होत्या.

तिने भिंतीवरून इकडे पाहिलं. जुडिथची ओटी सुक्या मालाने भरलेली.

जुडिथला कोणी काही विचारलं नव्हतं. तीच उठून म्हणाली, "मी बाजारान गेल्ती, फिलूबाय. आते आयली. जेनेलनं काढला आमचा. पोरीला काय कळतंय, तिनं फकस्त आपलाच बगितला."

फिलू तिच्याकडे बघत राहिली. पाणी केसांतून डोळ्यांत येत होतं, ते तिने पुसलं नाही.

"बरा झाला," ती म्हणाली. "तुमचा तरी ऱ्हायला."

*

संध्याकाळपर्यंत वारं वाढतच गेलं. होड्या एकेक करून बंदराला लागल्या. बस्त्यावची आली नाही, मार्कचीही आली नाही. कोणीतरी सांगितलं, मार्कचं इंजन बंद पडलंय, बस्त्याव त्याच्याकडे जाताना दिसला. मग पुढचं कोणाला माहीत नव्हतं.

असं झालं की बंदरावरची माणसं घरी बसत नाहीत, देवळात जातात. तिथे काही होतं म्हणून नव्हे. घरात बसवत नाही म्हणून. फादरांनी वेदीवर मेणबत्त्या लावल्या आणि रोजरी सुरू केली. जुडिथ मागच्या बाकावर बसली होती. जेनेल तिच्या बाजूला होती, तीही भेदरली होती.

फिलू आली. कपडे बदललेले, केस ओलेच. पुढे तिची नेहमीची जागा रिकामी होती. ती तिथे गेली नाही. मागे आली आणि जुडिथला म्हणाली, "सरक."

जुडिथ सरकली. फिलूने बसून तिचा हात हातात घेतला. दोघींच्या हातांना बोंबलाचा वास येत होता. दोघींचेही नवरे समुद्रात होते, पण हात फिलूने धरला होता. रोजरीचे मणी फिलू एका हाताने सरकवत होती आणि दुसऱ्या हाताने जुडिथचा हात अधूनमधून दाबत होती, लहान पोराला धीर देतात तसा. जुडिथला वाटलं, आता सांगावं. आत्ता, इथेच. पण समोर सगळे गुडघ्यावर होते, आणि नवऱ्याचा पत्ता नव्हता, आणि अशा वेळी खोटं कबूल केलं तर देव मार्कचं काय करील याची तिला भीती वाटली. ती रोजरीच म्हणत राहिली. घाबरलेला माणूस देवाशीसुद्धा हिशेबाने वागतो.

दोन्ही होड्या आल्या. बस्त्यावने मार्कची होडी दोराने बांधून ओढत आणली होती. मार्क उतरला तो धडधाकट. बस्त्याव उतरला तेव्हा त्याचा उजवा हात गमछ्यात गुंडाळलेला होता आणि गमछा लाल झाला होता. लाटेने दोर ताणला, तेव्हा बोटं दोर आणि लाकडाच्या खुंट्यामध्ये सापडली होती.

मार्क किनाऱ्यावर सगळ्यांदेखत रडला. "दादा, दोर सोडाचा व्हतास," तो परत परत म्हणत होता.

"सोडला अस्ता तर तू कुठं अस्तास?" बस्त्याव म्हणाला. "गप ऱ्हा आते. थंडी वाजतंय मना."

त्या दिवसानंतर भाऊ बोलायला लागले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण या दोघांचा पीळ त्या दोरावरच सुटला. भिंत तशीच राहिली, पण मार्क रोज तिच्यावरून उडी मारून थोरल्याची चौकशी करायला जाऊ लागला. आता उरली होती ती फक्त जुडिथची गोष्ट, आणि ती फक्त जुडिथलाच माहीत होती. निदान तिची तशी समजूत होती.

फिलूचा भिजलेला माल कोंबड्यांच्या खाद्यासाठी गेला. टोपल्या नेणारा माणूस नाक दाबून टेम्पोत बसला, तेव्हा फिलू त्याला म्हणाली, "अरे, हा बोंबील कालपरवापरेन सोना व्हता." बस्त्यावची दोन बोटं जुळली, पण वाकडी जुळली. जाळं ओढायला बोटं मिटावी लागतात, त्याची मिटत नव्हती.

*

मग उपासकाळ आला. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली आणि जुडिथने ठरवलं की ईस्टरपर्यंत मासळी तोंडात घालायची नाही. कोळणीने मासळी सोडणं म्हणजे काही थट्टा नाही. डाळभात खाऊन तिचे गाल बसले. शुक्रवारी ती पाण्यावर राहायची आणि क्रूसाच्या वाटेची चौदा ठिकाणं गुडघ्यांवर करायची. बाया म्हणायच्या, जुडिथच्या अंगात किती भक्ती आहे. जुडिथला ते ऐकवत नसे.

एका संध्याकाळी ती कुमसाराला गेली, पापं सांगायला. जाळीपलीकडे फादर डोळे मिटून बसले होते. आधी तिने बारीकसारीक पापं सांगितली, राग आला, शिवी दिली, रविवारची मिसा चुकली. मग पावसाची गोष्ट सांगितली.

फादरांनी डोळे उघडले. ते म्हातारे होते आणि बंदरावर त्यांची बरीच वर्षं गेली होती.

"आणि तिनं विचारलं तेव्हा?"

"तिनं न्हाय विचारला, फादर. मीच खोटा सांगितला."

"मग आता जा आणि तिला खरं सांग. हेच तुझं प्रायश्चित्त."

जुडिथ हबकली. "फादर, दुसरा कायतरी द्या. मी नऊ दिवसांची नोव्हेना करन. माऊंट मेरीला अनवानी जाईन."

"अनवाणी कशाला? भिंत तर कमरेएवढी आहे," फादर म्हणाले. "बाई, मासळी सोडलीस ते चांगलं केलंस. पण देवानं मासळी मागितली नव्हती."

ती बाहेर आली तेव्हा तिने ठरवलंच होतं. आजच जायचं. घरी आली तर भिंतीपलीकडे फिलू कुरसापुढे पाटावर बसली होती, संध्याकाळी बसायची तशी. बाजूला दुसरा पाट रिकामा. जुडिथने पाहिलं आणि तिला वाटलं, बस्त्यावदादा येऊन बसत असतील. उद्या जाऊ, फिलूबाय एकटी असताना. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी जुडिथचं डोकं दुखत होतं. मग झावळ्यांचा रविवार आला, मग पवित्र आठवडा, देवळाची कामं. न करायच्या गोष्टीला कारणं मिळायला काय तोटा! उपास सोपा होता. भिंत अवघड होती.

ईस्टर झाला आणि प्रिन्स आला. फिलूचा एकुलता एक मुलगा, अंधेरीला कंपनीत कामाला. त्याने भाईंदर पूर्वेला इंद्रलोकात फ्लॅट घेतला होता. तो म्हणाला, "डॅडींचा हात गेला. मम्मी एकटी किती मरणार? चला माझ्याकडे."

मार्कने सांगून पाहिलं, "दादा, माझे होडीवर ये. बस नुसता. तुझा वाटा देन मी." बस्त्याव हसला. नुसतं बसून वाटा घ्यायची त्याला सवय नव्हती.

सामान निघालं त्या सकाळी जेनेल भिंतीवरून तांब्याचा हंडा घेऊन आली. तिला तो पेलवत नव्हता.

"मोठी आय म्हणाली, फ्लॅटमध्ये कुठे ठेवू, तुम्हाला लदिनीला होईल."

जुडिथने हंडा घेतला. आतून घासून लख्ख केलेला होता. ती टेम्पोपर्यंत गेली. फिलू पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसली होती, मांडीवर वेदनेच्या मातेची तसबीर.

"येन मी भेटाला," जुडिथ म्हणाली.

"ये," फिलू म्हणाली. ती आणखी काही ऐकायची वाट पाहत असल्यासारखी बघत राहिली. टेम्पोवाल्याला घाई होती.

*

मेमध्ये लदीन आली. पलीकडचं खळं ओसाड होतं, फाटकाला तार गुंडाळलेली. पहिल्यांदाच कुरसापुढे एकच लदीन होणार होती, आणि तीही पाठीकडून. जुडिथने हंड्यात चणे उकडले. आयुष्यभर ज्याची हौस धरली तो हंडा चुलीवर होता आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

जेनेल खोबरं किसत होती. "मोठी आय असती तर आत्ता दहा वेळा येऊन मीठ चाखलं असतं," ती म्हणाली. मग तिचं तिलाच काही आठवलं आणि ती हसली. "मम्मी, तिच्यात काय एनर्जी होती गं! त्या वादळाच्या दिवशी मी बसमधून उतरले आणि पाऊस आला, म्हणून देवळात शिरले. ती वेदी पुसत होती. मला टॉवेल दिला. म्हणाली, तू थांब हितं, भिजशील, माझे बोंबील भायेर हायत. आणि अशी पळाली! मी पाऊस थांबेपर्यंत तिथेच बसले होते."

जुडिथच्या हातातला झारा थांबला.

"तू देवळान व्हतीस?"

"हो. सांगितलं नव्हतं का? त्या दिवशी पप्पांच्या टेन्शनमध्ये राहिलंच असेल."

चण्यांचं पाणी उतू गेलं आणि चूल फसफसली. जेनेल ओरडली तरी जुडिथ हलली नाही. जेनेलनं काढला आमचा, असं ती फिलूला म्हणाली होती. आणि फिलू जेनेलला देवळात ठेवून धावत आली होती. म्हणजे खोटं तिच्या तोंडातून बाहेर पडलं तेव्हाच फिलूला कळलं होतं. कळून ती म्हणाली, बरं झालं, तुमचं तरी राहिलं. कळून ती मागच्या बाकावर येऊन बसली. कळून तिने हात धरला.

जुडिथला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठं काहीतरी वाटलं. लदिनीला ती गायली नाही. चणे वाटताना लोक म्हणाले, छान झालेत.

*

दुसऱ्या दिवशी ती बसने भाईंदरला गेली, स्टेशनचा पूल ओलांडला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "भैया, इंद्रलोक." पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील होते. बस्त्याव खालीच वॉचमनजवळ खुर्ची टाकून बसला होता. वाकडी बोटं मांडीवर. जुडिथला बघून त्याचा चेहरा फुलला.

"वारा कुठला हाय?" त्याने पहिलं हे विचारलं.

"दखनेचा, दादा."

"मंग कोलंबी असंल," तो म्हणाला आणि समोरच्या इमारतीकडे बघत बसला.

फिलूने दार उघडलं. ती गोरी झाली होती, उन्हात नसल्याने. हातांची कातडी मऊ पडली होती. तिने पिशवीतलं पुडकं काढलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. मग घाईघाईने एका प्लास्टिकमध्ये, त्याच्यावर दुसऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्यात घातलं.

"भाजाचा न्हाय हितं. बाजूची मिनलबेन चांगली हाय, प्रिन्स आजारी व्हता तवा रातभर जागली आमचेकडं. पन तिला वास सोसत न्हाय. मी वासच घेन फकस्त."

चहा झाला. जुडिथने कप खाली ठेवला.

"फिलूबाय, त्या दिशी मी बाजारान न्हवती गेली."

"मना म्हाईत हाय."

"मी भिंतीपाशी उभी व्हती. वेल व्हता. मी न्हाय काढला."

फिलूने तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर जुडिथला बरं वाटलं असतं.

"म्हाईत हाय गो. जेनेलला मीच देवळान बसवून आयलती."

"मंग बोलली का न्हाईस? मारली का न्हाईस मना?"

"माफ तं मी तुना त्याच सांजला केला. हात धरला व्हता न तुझा?" फिलू म्हणाली. "पन माफी काय पोस्टानं धाडाची वस्तू हाय? ती घ्याला मानूस यावा लागतंय. मी रोज कुरसापाशी बसाची, तुझा पाट मांडून. वाटाचा, आते येल जुडी. मंग वाटाचा, उपासकाळ हाय, आते तरी येल."

जुडिथ रडायला लागली. तो पाट तिने रोज पाहिला होता.

"मी आयली अस्ती तर?"

"ह्यांचा हात गेला, माझा थोडाच गेल्ता? आपण दोगी मिलून दोन्ही खळी सुकवली अस्ती. प्रिन्सला मी न्हाय बोलली अस्ती." ती उठली आणि कप उचलले. "पन भिंतीकडं बगून एकटीनं न्हाय जमला."

"आते चल परत."

"आते खला इकाला काडलाय, जुडी." तिने हे साधेपणाने सांगितलं. मग जुडिथच्या डोक्यावर हात ठेवला, लग्न होऊन आली तेव्हा ठेवला होता तसा. "रडू नको. आयलीस न? भरून पावला."

जुडिथ निघाली तेव्हा फिलू दारापर्यंत आली. तिची बोटं नकळत चालत होती, दोन्ही हातांची टोकं एकमेकांत अडकवत, जोडी लावल्यासारखी.

*

मे संपत आला. एका दुपारी समुद्राकडून आभाळ काळवंडलं, आणि आळीत कोणीतरी ओरडलं, "काढा गोऽ, काढा!"

जुडिथने पदर खोचला. आपला जवळा गोळा केला, आपले दोर सोडले, ओटीवर टाकले. मग ती भिंतीपाशी आली. कुरसाच्या पाठीवर हात ठेवला, आणि साडी वर घेऊन भिंतीवर चढली. चढायला काही लागलं नाही. पलीकडे उतरून तिने मागे वळून पाहिलं. भिंत झाल्यापासून कुरसाचं तोंड तिने जवळून पाहिलंच नव्हतं. खोबणीत फिलूच्या मेणबत्तीचं मेण वाळलं होतं. खाली दोन पाट धुळीत पडले होते.

वलांडीवर रिकामे दोर वाऱ्याने हलत होते. जुडिथने एकेक दोर सोडला, कोपरावर गुंडाळला, वरच्या दोरासाठी बांबूवर चढली. सगळे दोर खांद्यावर टाकून, काखेत दोन पाट मारून ती भिंतीवरून परत आली आणि ते आपल्या ओटीवर सुक्यात ठेवले.

मार्क दारात उभा राहून बघत होता.

"अगो, तिकडं काय व्हता काढाला?"

"काय न्हाय," जुडिथ म्हणाली आणि ओटीवर बसली. "आते काय न्हाय व्हता."

पाऊस काही आला नाही. आभाळ तसंच वसईकडे निघून गेलं.